बाळंतिणीच्या खोलीचा रंग

खिडकी उघडेना. मी दोन्ही हातांनी कडी धरून ओढत होते आणि ती जागची हलत नव्हती. मागे बाजेवर माझी मुलगी पडली होती. उशी ओकारीने भिजलेली, डोळे अर्धे उघडे. मी तिला गदागदा हलवलं तर मान एका बाजूला कलंडली. पाळण्यात तिची नऊ दिवसांची मुलगी होती, ती रडत नव्हती. सकाळचे अकरा वाजले असतील. बाजेखाली कोळशाची शेगडी होती आणि माझंही डोकं गरगरायला लागलं होतं.

खिडकी उघडत नव्हती, कारण रंगाऱ्याने तिची दारं, चौकट, कडी, बिजागऱ्या सगळं एकाच ऑइल पेंटखाली चिकटवून टाकलं होतं. मी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता आणला आणि काचा फोडल्या. मग पाळण्यातल्या पोरीला उचलून अंगणात आले आणि शेजारच्या टीचरबाईंना हाक मारली. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, त्या दिवशी तापामुळे घरी होत्या. पोरीला त्यांच्या हातात दिलं, आणि आम्ही दोघींनी मुलीला खांद्याला धरून ओढत ओढत बाहेर आणलं.

आता हे असं का झालं ते सांगते. रंगाऱ्याला शिव्या घालून ही गोष्ट संपवता येते. बरीच वर्षं माझ्या ओळखीच्या बायकांना वाटे की मी तेच करीन. तसं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. आमचं घर धारवाडला, मळमड्डीत. घर कौलारू, पण ही एक खोली मागाहून वाढवलेली, तिच्यावर तेवढी स्लॅब. दरवर्षी दसऱ्याआधी चुना भिजत घालायचा, त्यात थोडी नीळ टाकायची आणि घरच्यांनीच हात फिरवायचा. मी चौथीपर्यंत शिकले. रंगकामाबद्दल मला याहून जास्त ठाऊक नव्हतं. चुन्याची एक खोड आहे, टेकलं की कपड्याला लागतो. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या सासूबाई बेळगावहून आमचं घर बघायला आल्या. जाताना पाठ झटकत म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्याकडं भिंतीला टेकायची सोय नाही हो." मी हसले. पण विसरले नाही. त्यांचं घर सिमेंटचं, नवं बांधलेलं, भिंती ताटासारख्या गुळगुळीत.

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तेव्हा माझंच पोटाचं ऑपरेशन झालेलं. मला उठता येत नव्हतं. म्हणून ते सासरी झालं. मुलगा झाला, चांगला अंगानं भरलेला. दहाव्या दिवशी दुपारी झोपेतच गेला. मुलगी त्या दिवशी स्वतःही ग्लानीत होती, ओकत होती. धक्क्यानं झालं असं म्हणाले, अशक्तपणा म्हणाले. कुणी दृष्टही म्हणाले. मी चालायला लागल्यावर बेळगावला गेले आणि विहिणीला सगळ्यांसमोर म्हटलं, "एवढं मोठं घर, आणि एक पोर सांभाळवलं नाही तुम्हाला." त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी सांगून टाकलं की सातव्या महिन्यात मुलीला धारवाडला आणणार. मी सांभाळून दाखवते म्हटलं. असं बोलून बसल्यावर माघार नसते. आणि माझ्या तोंडाचं सोडा, मुलीने दुसऱ्यांदा ते सोसलं नसतं. ती रात्रंदिवस पोटावर हात ठेवून बसायची, कुणाशी फार बोलायची नाही.

तर ती स्लॅबची खोली बाळंतिणीची ठरवली. चुना नको, भिंती पुसता येतील असा ऑइल पेंट हवा, असं मी म्हटलं. मनात बेळगावची ती झटकलेली पाठ होती.

यजमान म्हणाले, "जुना चुना खरवडून काढल्याशिवाय त्यावर तेलाचा रंग धरत नाही म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"कचेरीतले."

"मग कचेरीत लावा त्यांना."

टीचरबाई म्हणाल्या, "अक्का, आषाढात कुणी रंग काढतं का? पंधरा पंधरा दिवस ऊन नाही. वाळणार कसा?"

"बाळंतपण काही माझ्या सोयीनं येत नाही, बाई."

रंगारी रायापूरहून सायकलवर येई. पन्नाशीचा कानडी माणूस, दांड्याला ब्रश बांधलेले. यजमानांच्या कचेरीतल्या शिपायाने त्याला गाठून दिला होता. ऑइल पेंट येतो का विचारलं, तर म्हणाला, "अव्वा, जन्म त्यातच गेला." हे खरं होतं. जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रंगवण्यात गेला, एवढं मात्र त्याने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मला कळलं. तो दार असं रंगवत होता की जणू ते उद्यापासून उसाच्या शेतात चिखलात उभं राहणार आहे. एक हात, दुसरा हात, तिसरा हात, कडांना तर चौथा.

चुना त्याने खरवडला नाही. केरसुणीने झाडला. डब्यात रॉकेल ओतताना मी पाहिलं.

"रॉकेल कशाला?"

"पातळ व्हायला."

"वाळेल ना?"

"आगतैति अव्वा, आगतैति."

होईल, होईल. काहीही विचारलं की हेच. टेकलं तर लागणार नाही ना? आगतैति. वास जाईल ना? आगतैति.

मी त्याला एक गोष्ट बजावून सांगितली होती. "बाळंतीण राहणार आहे या खोलीत. वाऱ्याची झुळूक आत येता कामा नये." त्याने माझं हे बोलणं मात्र शब्दशः पाळलं. खिडकी कायमची बंद करून टाकली. मला तेव्हा ते कळलं आणि आवडलं, हे मी लपवत नाही. वरच्या झरोक्यात मी स्वतः पोतं कोंबलं. त्या दिवशी त्याला दोनदा चहा दिला.

भांडण झालं ते दारावरून. रंगाचे थर चढून आणि पावसाने लाकूड फुगून दार चौकटीत बसेना. कितीही लोटलं तरी दोन बोटांची फट राहायची. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, उद्या रंधा घेऊन येतो, कड तासून देतो. "नाळे, अव्वा." नाळे म्हणजे उद्या. सायकल घेऊन गेला तो गेला. गावी शेत होतं, भांगलणीला गेला म्हणे. त्याचा उद्या काही उगवला नाही.

आणि रंग वाळला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, मुलगी दवाखान्यात बाळंत होऊन घरी आली, तरी भिंतीला हात लावला की हात पिस्ता रंगाचा. डास चिकटून बसायचे. कॅलेंडर टांगलं ते चिकटलं, महिना उलटता येईना. खिडकीखाली तर रंग चुन्यासकट पापडासारखा सुटून आला. मुलगी बाजेवरून म्हणाली, "आई, हा रंग आहे का फणस?" खूप दिवसांनी ती हसली होती. मला मात्र हसू येत नव्हतं. मी रोज त्या रंगाऱ्याचा उद्धार करत होते.

पाळणा मी आतल्या कोपऱ्यात टांगणार होते, वाऱ्यापासून सगळ्यात लांब. पण तिथे पाळण्याचं कापड भिंतीला चिकटायचं. शेवटी पाळणा दाराशी आणावा लागला. फटीतून वारा नको म्हणून मी फटीत जुनं लुगडं कोंबायचे. दार उघडलं की लुगडं रंगाला चिकटून ताणलं जायचं, सुटून यायचं, परत कोंबायचं. दिवसातून दहा वेळा.

त्या सकाळी बारीक पाऊस होता. धारवाडचा पाऊस असतो तसा, पडतो म्हणावं तर नाही, थांबतो म्हणावं तर नाही. कोळसे ओलसर होते. एरवी मी शेगडी अंगणात पेटवून, वर राख धरली की मगच आत आणायची. त्या दिवशी दोघींची आंघोळ झाली आणि मुलीला हुडहुडी भरली. म्हणून घाईने अर्धवट पेटलेली शेगडीच आत नेली, वर आणखी कोळसे घातले, ओवा आणि बाळंतशेपा टाकला. दोघींच्या कानात कापूस, डोक्याला फडकी. दार ओढून लुगडं कोंबायला गेले तर ते चौकटीला चिकटून टर्रकन फाटलं. अर्धं माझ्या हातात, अर्धं रंगात. मी रंगाऱ्याच्या सात पिढ्यांना आठवलं आणि हातातला तुकडा फेकून दिला. फट तशीच राहिली. मी शिरा करायला गेले. तासाभराने ताट घेऊन आले तेव्हा काय दिसलं ते सुरुवातीलाच सांगितलं.

टीचरबाईंनी पोरीला पदराखाली धरून रस्त्यावर रिक्षा थांबवली. मुलगी माझ्या मांडीवर आडवी. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात रिक्षा आदळली आणि पोरीने तोंड वाकडं केलं, मग बारीक रडली. मी तिला घ्यायला हात पुढे केला.

"रडू दे अक्का," टीचरबाई म्हणाल्या. "थोपटू नका. रडू दे."

ती दवाखान्यापर्यंत रडत राहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला कडक. बाळंतपण त्यांनीच केलं होतं. दोघींना नळी लावून ऑक्सिजन दिला. दुपारी मुलीने डोळे उघडून पहिलं विचारलं, "बाळ?" आणि मी म्हटलं, "आहे. ओरडतेय." मग डॉक्टरीणबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"खोलीत शेगडी होती?"

"होती. बाळंतिणीला शेक नको का?"

"खिडकी?"

"बंद. उघडतच नाही."

"झरोका?"

"पोतं कोंबलंय."

"दार?"

"दार मिटत नाही."

"मिटत नाही म्हणजे?"

मी रंगाऱ्याचं सगळं सांगितलं. ट्रॉल्या, रॉकेल, लुगडं, फणस. त्या ऐकत होत्या. मधेच विचारलं, "पाळणा कुठे होता?"

"दाराशी. कोपऱ्यात चिकटत होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या रंगाऱ्याला घरी बोलावून जेवायला घाला, आजी," म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. कोळसा बंद खोलीत जळला की वायू होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि मला बोलायचं तेवढं बोलल्या. मी ऐकून घेतलं. मी त्या दोघींना मारायला निघाले होते, प्रेमाने, आंघोळ घालून, ओव्याचा वास देऊन. हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिता येत नाही.

त्या बाकावर बसल्या बसल्याच मला बेळगावचं पोर आठवलं. झोपेत गेलेलं. आणि त्याच दिवशी ओकणारी त्याची आई.

बारसं तीन आठवड्यांनी केलं. बेळगावहून विहीणबाई आल्या. अंगावर नवी इरकल साडी होती. खोलीत शिरल्या, इकडे तिकडे बघितलं.

"रंग काढलात होय. आता टेकायची सोय झाली म्हणायची," म्हणाल्या आणि टेकून बसल्या.

उठल्या तेव्हा पाठीवर पिस्ता रंगाचा पट्टा. माझी मुलगी तोंडात पदर कोंबून हसायला लागली. विहीणबाईंनी मान वळवून पट्टा बघितला आणि म्हणाल्या, "चुना परवडला हो." मग त्याही हसल्या.

यजमानांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की झालेलं बेळगावला कळवू नको, पोरी सुखरूप आहेत, विषय संपला. मला ते पटलं नाही. ज्या बाईला मी चारचौघांत बोलले होते, तिच्यापासून हे लपवायचं कसं? पाळण्यात नाव ठेवून झालं, बायका गेल्या, आणि मी विहीणबाईंना खोलीत नेऊन सगळं सांगितलं. शेगडी कुठे होती, पाळणा कुठे होता, फुटकी तावदानं. कमी करून सांगितलं नाही.

त्या दाराजवळ गेल्या. हाताने दार लोटलं. ते अडलं. पुन्हा लोटलं. फटीत दोन बोटं घातली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आमचं दार घट्ट बसतं, विहीणबाई," त्या म्हणाल्या. बोटं काढून घेत म्हणाल्या, "शेगडी मीच भरली होती."

तसंच झालं असेल का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मी म्हटलं, "मी तेव्हा जे बोलले ते माझं चुकलं. परत घेते."

"राहू दे. तुम्हाला तरी काय ठाऊक होतं. मला तरी काय." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "सूनबाईला सांगू नका. निदान आत्ता नको."

नाही सांगितलं. दोघींनी मिळून ते ठरवलं. आमच्यात तेवढं एकच ठरवणं पुरलं. त्यानंतर आम्ही एकमेकींना टोमणे मारणं सोडलं असं नाही. पण पोरांवरून कधी बोललो नाही.

रंगारी बारशानंतर उगवला. दारात सायकल लावून तिथूनच म्हणाला, "अव्वा, तप्पाय्तु." चुकलं म्हणाला. हातात रंधा होता. मी म्हटलं, रंधा बाहेर ठेव, आधी जेवायला बस.

भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. तो जेवत होता पण नजर माझ्यावर. शेवटी म्हणाला, "तू बोलत नाहीस, वाढतेस. मला भीती वाटते. काय झालं?"

मी कन्नडमध्ये सांगितलं, म्हणजे नीट कळावं. त्याचा हात ताटातच राहिला. मग म्हणाला, "खिडकी मीच चिकटवली."

"चिकटव म्हणून मीच सांगितलं होतं. फट तू ठेवलीस. तेवढी तुझी."

तो हात धुऊन उठला आणि पटाशी घेऊन खिडकीपाशी बसला. एकेक सांधा कापत, खरवडत, संध्याकाळपर्यंत बसला होता. खिडकी उघडली तेव्हा आधीच्यापेक्षा हलकी उघडली. मग रंधा घेऊन दाराकडे वळला. मी आडवी उभी राहिले.

"दाराला हात लावायचा नाही."

"अव्वा, वाईट दिसतं ते. लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. मीही ठेवते."

पाऊस संपल्यावर त्यानेच येऊन भिंतींचा सगळा रंग खरवडून काढला आणि पुन्हा चुना दिला, निळीचा. पुढे दरवर्षी तोच यायचा. चुन्यात त्याचा हात चांगला बसला. एकदा स्वतःहून म्हणाला की आता कुणाकडेही कामाला गेलो की आधी विचारतो, घरात बाळंतीण आहे का. असली तर खिडकी उघडी ठेवायला सांगतो. लोक म्हणतात, रंगारी आहेस का वैद्य? मी म्हणतो, मळमड्डीच्या अव्वाला विचारा. दोन-तीन बायका खरंच मला विचारायला आल्या होत्या. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं, शेगडी आणि पोत्यासकट.

टीचरबाईंची पुढे बदली झाली. जाताना मी त्यांना खण-नारळ दिला. मुलीने माझ्याकडून अजून एक बाळंतपण करून घेतलं, त्याच खोलीत. शेक दिला तो गरम पाण्याच्या पिशवीने. शेजारच्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, असल्या शेकाने बाळंतीण भरून येत नाही. चांगली भरून आली.

यजमान आता नाहीत. गेल्या वर्षी माझ्या मुलाने सगळ्या घराला प्लास्टिक पेंट काढला. कामाला आलेली माणसं हुशार होती, तोंडाला फडकी बांधून, जमिनीवर कागद पसरून काम केलं, कुठे थेंब सांडला नाही. मुकादम म्हणाला, आजी, हे एक दार बदलून टाकू, बसत नाही. मी नको म्हटलं. पावसाळ्यात ते अजून फुगतं, हिवाळ्यात जरा सैल होतं, पण पुरतं मिटलेलं मी कधी पाहिलं नाही. नात सुट्टीला आली की त्याच खोलीत अभ्यास करते आणि कुरकुरते, आजी, दार लागत नाही, बाहेरचं सगळं ऐकू येतं.

त्या सकाळी त्या खोलीत दोघी होत्या, माझी मुलगी आणि तिची नऊ दिवसांची मुलगी. दोघी वाचल्या.